मागची टाकी

आमच्या जुन्या पिकअपला दोन टाक्या आहेत. पुढची कंपनीची, मागची ह्यांनी शिरूरच्या गॅरेजमध्ये बसवून घेतलेली. सीटखाली एक कॉक आहे. तो फिरवला की पुढचं डिझेल बंद होतं आणि मागचं सुरू. पुण्याला फुलं नेताना वाटेत थांबायला नको, असं सांगून ह्यांनी ती बसवली. पण एकदा काठोकाठ भरली आणि जाहीर करून टाकलं, ही आजारपणाची टाकी. वस्तीवर कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं आणि डिझेलच नाही, असं व्हायला नको.

"अहो, मार्केटला जाताना तरी वापरा," मी म्हणायचे.

"तिला हात लावायचा न्हाई."

आमच्या घरात नैवेद्याच्या ताटालाही एवढा मान नव्हता. पुढे वस्तीवर ॲम्ब्युलन्स यायला लागली आणि गाडी मागायला कुणी येईना. टाकी वर्षानुवर्षं तशीच भरलेली राहिली.

त्या दुपारी ह्यांच्याच छातीत कळ आली. ॲम्ब्युलन्स दौंडच्या बाजूला गेलेली, म्हणून धाकटे दीर म्हणाले, वाट बघण्यापेक्षा आपणच निघू. पुढच्या टाकीनं तळ गाठला होता, पण काळजी कुणाला? मागची होती की. न्हावऱ्याच्या अलीकडे गाडीनं आचके दिले. दिरांनी कॉक फिरवला. गाडी थोडी पळाली आणि बंद पडली.

दीर बॉनेट उघडून फिल्टरवरचा हातपंप दाबायला लागले. मी भर रस्त्यात उभी राहून हात करत होते. उसाचे ट्रॅक्टर तेवढे येत होते. एक मोटारसायकलवाला थांबला, पण ह्यांना धड बसवत नव्हतं, त्यांना मागे कसं बसवणार? आणि आमचे हे, घामानं निथळत, दाराला डोकं टेकून विचारतात, "पंप वर येतोय का रं?"

"न्हाई दादा, दाबला की आतच बसतोय."

"मग टाकीतनंच डिझेल येत न्हाई. मागचा पाइप काढ आन् फुंक."

"तुम्ही गप्प बसा हो!" मी ओरडले.

"मी गप्प बसलो तर त्याला सांगनार कोन?"

दिरांनी गाडीखाली शिरून पाइपात तोंडानं हवा मारली. टाकीत बुडबुडे वाजले, मग पाइपातून आधी काळा गाळ आला, त्याच्यामागून डिझेल. कधी वापरलीच नाही, म्हणून तळाला सगळं साचून राहिलं होतं. दिरांनी पाइप जोडला, स्क्रू ढिला करून अडकलेली हवा काढली आणि चावी मारली. हे कान देऊन इंजिन ऐकत होते. "लागली. आता पळव," म्हणाले. त्यानंतर ते काहीच बोलले नाहीत. शिरूरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि माझ्याकडे न बघता मान हलवली.

मला ह्यांचा फार राग येतो. सगळ्या वस्तीसाठी राखून ठेवलं, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा त्यातलं थेंबभर मिळेना.

गॅरेजवाल्यानं टाकी उतरवून साफ केली. काढूनच टाकू का, म्हणाला. मी नको म्हणाले. आता गाडी मी चालवायला शिकलेय. मार्केटला जाताना न्हावऱ्याच्या अलीकडे, त्याच जागी, मी कॉक फिरवते. गाडी एकदासुद्धा अडखळत नाही मेली. मग मी ती कडेला घेते आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडते.