आलो की आले

भिंतीलाही कान असतात, असं पूर्वी लोक नुसतं म्हणायचे. कुंचलीच्या आयुष्यात ते खरंच झालं. खात्याने घरोघरी भिंतीत बशीएवढा पितळी कान बसवला, आणि त्यातली धूळ झाडायचं काम हिच्या वाट्याला आलं. खाकी कोट, जाड बूट, हातात मऊ केसांचा कुंचला. म्हणून नाव कुंचली.

झाडताना कान पुटपुटतो. शेवटी ऐकलेले शब्द हळूच बाहेर पडतात, बाईचे असोत की बुवाचे, एकाच सपाट, कोमट आवाजात. आईने तान्ह्या लेकराशी केलेले लाड त्या आवाजात ऐकले की अंगावर काटा येतो. बावीस वर्षं झाली, कुंचलीला अजून येतो. माणसाला कशाचीही सवय होते म्हणतात, ते खोटं आहे.

कानाला आवाज ओळखता येत नाही, शब्द तेवढे कळतात. त्यावरून तो घरातली नाती लावतो आणि खात्याला कळवतो. नको ते नातं सापडलं की दोघांतलं एक माणूस नदीपलीकडे धाडतात. पत्र नाही, निरोप नाही. कोपऱ्यावरच्या खोलीत दोन शिंपिणी राहायच्या. एका सोमवारी कुंचली गेली तर ओट्यावर एकच कप होता, आणि उरलेली शिंपीण तो पुन्हा पुन्हा विसळत होती.

कुंचलीच्या स्वतःच्या खोलीतही दोघीच. दुसरी बटणवाली, शर्टाच्या कारखान्यात बटणं लावते ती. नोंदीत मावसबहिणी. बावीस वर्षं दोघींनी कानासमोर एकमेकींना 'अगं ताई' म्हटलं. भांडायला मुभा होती, बहिणी भांडतातच, आणि ते दोघींनी अगदी मन लावून केलं. प्रेमाचं काय ते मुक्यानेच. कुंचलीच्या कोटाची सगळी बटणं काळ्या दोऱ्याने शिवलेली, छातीवरचं तेवढं लाल.

त्या बुधवारी बटणवाली तापाने फणफणली होती. कुंचली दुपारी लवकर परतली. ती झोपलीय हे पाहून सवयीने भिंतीपाशी गेली आणि कुंचला फिरवला.

कान पुटपुटला, "अहो... अहो, पाणी देता ना?"

कुंचलीने कुंचला चटकन मागे घेतला. शब्द तर केव्हाच खात्यात पोचले असणार. पण बावीस वर्षांत तिला कुणी 'अहो' म्हटलं नव्हतं. भीती वाटली, आणि लाज वाटावी इतका आनंदही झाला.

सकाळी पडताळणीवाला आला. "घरात पुरुष आहे," तो म्हणाला. पडद्यामागे पाहिलं, गोधड्यांची पेटी उघडून पाहिली, खाटेखाली वाकला.

कुंचलीने आपली पिशवी भरून दाराशी ठेवली होती. ती खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं. कानाने दोन बायका ऐकल्याच नव्हत्या. त्याच्या लेखी 'अहो' म्हणजे नवरा, आणि तो नवरा दिसत नाही, एवढीच पंचाईत होती.

"कुठे गेलेत?" त्याने बटणवालीला विचारलं.

"कामावर." तापातही बाई खमकी.

"नोंद का नाही केली?"

"तुम्ही आत्ता विचारताय."

खाटेखाली त्याला कुंचलीचे बूट सापडले. ते त्याने उलटेसुलटे करून पाहिले. "कान चुकत नाही," तो म्हणाला. "आज संध्याकाळी त्यांनी घरी येऊन नवऱ्यासारखं बोललं पाहिजे. कानाला ऐकू आलं नाही, तर उद्या तुमच्यातल्या एकीला घेऊन जाईन."

दिवसभर कुंचली 'आलो' घोकत फिरली. बाई म्हणते आले, बुवा म्हणतो आलो. एका कान्याचा काय तो फरक. पण तो एक काना तिच्या तोंडातून निघेना. इतकी वर्षं बहीण झाले, आता नवरा व्हायचं, मग मी कधी, असं मनात आलं आणि तिला रडू फुटलं.

संध्याकाळी ती जिना चढून आली.

"अहो, आलात का?" आतून हाक आली, चांगली मोठ्याने.

कोण आलंय म्हणून कुंचलीने मागे वळून पाहिलं. जिना रिकामा होता. मग तिला कळलं, ऊर भरून आला, आणि त्या भरात तोंडून नेहमीचंच गेलं.

"आले."

कान आतल्या आत टिकटिकत राहिला. बटणवालीने तिचा हात धरला तो सकाळपर्यंत सोडला नाही.

सकाळी दाराखालून चिठ्ठी सरकली. 'कर्ते पुरुष काल सायंकाळी घरी आले. नोंद पूर्ण.'

कुंचलीने ती तीनदा वाचली. नवऱ्याबद्दल मानाने म्हणतात तेही आले, बाई स्वतःबद्दल म्हणते तेही आले. एवढा शिकलेला कान, पण मान कुठला आणि बाई कुठली, हे काही त्याला कळलं नव्हतं. बटणवाली उशीत तोंड खुपसून हसत सुटली.

पुढच्या सोमवारी कुंचलीने शिंपिणीच्या ओट्यावर सांडलेल्या पाण्यात बोटाने दोन अक्षरं लिहिली: अहो. शिंपीण महिनाभर रिकाम्या खोलीला 'अहो' म्हणत राहिली. शेवटी खात्याने, हरवलेल्या कर्त्या पुरुषाने घरी परतावं, म्हणून परवाना पाठवला. परवान्यावर फोटो नसतो. तो नदीपलीकडे कुणाच्या बुटातून गेला, ते इथे लिहायची गरज नाही.

परवा त्या ओट्यावर दोन कप उपडे होते. कुंचलीने कान झाडला. त्याच सपाट, कोमट आवाजात तो पुटपुटला, "अहो, आलात?" आणि मग, "आले."

तिच्या अंगावर काटा आला. धूळ केव्हाच निघाली होती, तरी तिने कुंचला पुन्हा एकदा फिरवला.