पाच घरचं पीठ

जगाच्या पाठीवर कुठंही नेऊन ठेवला तरी तामलवाडीतच राहील, असा एकच माणूस मी पाहिला, आणि तो इंग्लंडात माझ्या खोलीत राहत होता. मी तुळजापूरच्या पुजाऱ्याघरचा, तो सोलापूरच्या वाटेवरच्या तामलवाडीचा. दोघंही इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारीला गेलेलो. आमची शाळा निजामाच्या अमदानीतली, उर्दूतली. त्यामुळे गोऱ्या फोरमननं हाक मारली की याच्या तोंडून आधी 'जी जनाब' निघायचं. मी मात्र बोट मुंबईचा धक्का सोडायच्या आत साहेब झालो होतो. फेल्ट हॅट घेऊन बसलो होतो. त्याला तिथली नदी दाखवली तर म्हणाला, "आमच्या वढ्याला पोळ्याला ह्याहून लई पानी असतंय." बर्फ पडला तर म्हणाला, "कापूस बरा. इकता तरी येतो." झोपताना तुळजापूरकडं पाय करायचे नाहीत हा त्याचा नेम, आणि दिशा सांगायची जबाबदारी माझी. मी मोठ्या ठसक्यात 'पूर्व ही' म्हणत खिडकीकडं बोट दाखवलं. हिवाळाभर तिथं सूर्य दिसला नाही. दिसला तेव्हा तो दाराच्या बाजूनं उगवला, आणि कळलं की गडी सबंध हिवाळा देवीकडं पाय करून झोपला होता. "देवीची पूजा तुमच्या घरात, आन तुलाच तिचा पत्ता न्हाय व्हय?" एवढंच बोलून त्यानं खाट फिरवली.

पण खरी कसोटी नवरात्रातली. निघताना आईनं त्याच्याकडून वचन घेतलं होतं: मुलखात कुठंही अस, नवरात्रातल्या मंगळवारी पाच घरी जोगवा मागायचा, त्या पिठाची भाकरी देवीला दाखवायची आणि मग खायची. त्या दिवशी सकाळपासून तो खिडकीशी उभा. "आई आता परडी घेऊन निघाली आसंल," म्हणाला, आणि डोळे पुसायच्या ऐवजी त्यानं काचच पुसली. मग ओव्हरकोटावर कवड्यांची माळ घातली. परडी नव्हती, म्हणून माझी हॅट उचलली. मी दुभाषा म्हणून जायचं ठरलं होतं, पण पहिल्याच दारात "आईचा जोगवा वाढाऽ" अशी खणखणीत आरोळी उठली आणि मी पलीकडच्या दिव्याच्या खांबामागं जाऊन वर्तमानपत्र वाचू लागलो. पोलीस आला. कवड्या घालून हॅट पसरणाऱ्याला त्यानं सलाम केला आणि खांबामागं लपलेल्या मला विचारलं, "इथं काय चाललंय?" झक मारत मी दुभाषा झालो. एका घरी अंडं मिळालं, ते नम्रपणे परत केलं. एका बाईनं दार लावून घेतलं. फिरत फिरत चार घरांचं पीठ झालं, आणि पाचव्या दारात एक म्हातारी उभी राहिली. "हे कशाला?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "याच्या आईनं सांगितलंय." ती आत गेली आणि वाडगाभर पीठ घेऊन आली.

ते पीठ तिकडचं, आपोआप फुगणारं. तव्यावर भाकरी टाकली तर तिची उशी झाली. "आई पावली!" म्हणून त्यानं हात जोडले. पुड्यावर काय छापतात ते मला ठाऊक होतं, पण दिशेच्या प्रकरणानंतर मला देवीच्या बाबतीत बोलायचा अधिकार उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी हॅट न झटकताच कामावर निघालो, वाटेत भुरभुर पाऊस लागला, आणि कारखान्यात पोचेपर्यंत माझ्या डोक्यावर कणीक मळून तयार होती.

पुढच्या वर्षी त्या मंगळवारी त्याला कारखान्यात दुहेरी पाळी लागली. दिवस मावळायला आला तसा तो यंत्रापाशी कासावीस. पाळी सुटताच दोघं पळत घरी आलो, तर पायरीवर वाडगा घेऊन पाचव्या घरची म्हातारी बसलेली; मंगळवार कुठला ते तिनं आधीच विचारून ठेवलं होतं. आजूबाजूच्या चार घरांतून तिनंच मूठमूठ गोळा करून आणलं होतं.

उमेदवारी संपली, मी परतलो. त्याला तिथंच नोकरी लागली. "दोन वर्सांत येतो," असं तेव्हा म्हणाला होता. अजून तेच म्हणतो आहे. नवरात्रात त्याची आई तामलवाडीहून तुळजापूरला येते, दर्शन घेते आणि परडी घेऊन माझ्या दारात उभी राहते. परवाही आली. मी मूठ घातली, तशी तिनं दरसालचा प्रश्न विचारला, "त्याला तिकडं कोन वाढतं रं बाळा?"

मी दरसालसारखीच म्हातारीची गोष्ट सांगितली. हॅटचीही सांगितली. ती पदर तोंडाला लावून हसली. मग या खेपेला म्हणाली, "तिच्या घरात कोन कोन हाय?"

"एकटीच. मुलगा ऑस्ट्रेलियाला गेलाय."

"ते कुठं आलं?"

"लांब. याच्याहून लांब."

ती परडीतल्या पिठाकडं बघत राहिली. "मंग त्याला तितं कोन वाढतं?"

तिथं असताना मी हे म्हातारीला कधी विचारलं नव्हतं. दिशा दाखवायची तरी कुठली? मी पुन्हा आत गेलो आणि तिच्या परडीत आणखी एक मूठ घातली.