दाताळं फेकलं तेव्हा

नातीच्या लॅटिनच्या वहीत दोन शब्द होते : रास्त्रुम म्हणजे दाताळं, कोल्लिगेरे म्हणजे गोळा करणं. "आजोबा, गोळा करण्याला आपल्याकडे आणखी शब्द आहेत?" तिनं विचारलं, आणि मला साठ सालाच्या सुमाराचं दिग्रसजवळचं आमचं गाव आठवलं.

आई जाऊन तिसरा दिवस होता. आम्ही नाल्याकाठी तिची राख सावडायला, अस्थी गोळा करायला गेलो होतो. पाणी शिंपडलेल्या कोळशाचा उग्र वास येत होता. काकानं खळ्यावरचं दाताळं आणलं होतं. ते राखेतून ओढताच दात हाडावर करकरले, आणि बाबांनी ते हिसकून नाल्यात फेकलं.

"काहून गा दादा?" काका म्हणाला.

"जलमभर कापूस येचला तिनं. कधी पत्ती येऊ देल्ली काय कापसात?"

बाबा उकिडवे बसले. कापूस वेचावा तसं एकेक हाड तीन बोटांनी उचलायचे, त्यावरचा कोळशाचा कण फुंकून काढायचे, मग मडक्यात ठेवायचे. ऊन चढलं, लोक खोळंबले. मला तेव्हा त्यांचा राग आला होता.

गेल्या वर्षी नातीची आजी गेली. विद्युतदाहिनीवरच्या माणसानं भरलेला डबा आयता हातात दिला. मी झाकणसुद्धा उघडलं नाही.