हातानं चालवायची जीप

आमचे हे कापसाच्या गाडीवरून पडले तेव्हा आमच्या लग्नाला फार वर्षं झालेली नव्हती. सेलूच्या जिनिंगमध्ये गाडी रिकामी करताना वरच्या थप्पीवरून पाय निसटला आणि ते पाठीवर आदळले. दवाखाने झाले, मालिश झाली, कुणीकुणी सांगितलेली तेलं झाली. कमरेखालचं अंग काही परत आलं नाही. वर्षभर ते ओसरीवर बाजेवर पडून होते. आमची जमीन ओढ्यापलीकडं. बैलगाडीतून नेलं तर दणक्यांनी पाठीत कळा निघत, घरी आणेस्तोवर ओठ पांढरे पडत. त्यामुळं त्यांचं शेतात जाणंही सुटलं.

एक दिवस माझे धाकटे दीर बाजारातून आले. बोलता बोलता म्हणाले, जिनिंगच्या मागं बाभळीखाली एक जुनी मिलिटरीची जीप उभी आहे, तिच्यावर शेळ्या चढतात. यांनी मान वळवली.

"चारी चाकं ओढणारी हाय का?"

"हाय म्हणतेत. पण पुढच्या चाकांना ओढणारा शाफ्टच न्हाई तिला दादा. डिझेल जास्ती खाती म्हणून कुणीतरी काढून टाकलाय."

"आण ती."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "अहो, ती कुठं चालायची? आन् चालवणार कोण?"

"मी," ते म्हणाले.

भाऊजींनी माझ्याकडं बघितलं. वर्षभरात यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं.

जीप ट्रॅक्टरला बांधून अंगणात आली. तिच्यात पूर्वीच्या मालकानं जुनं डिझेल इंजिन बसवलेलं होतं, ते खोकत खोकत सुरू व्हायचं. सेलूहून एक मिस्त्री यायचे, वयस्क होते, मिलिटरीच्या गाड्यांवर हात बसलेला. त्यांनी गाडीखाली शिरून बघितलं आणि म्हणाले, "मालक, बुढ्ढी हाय, पर हड्डी मजबूत हाय."

नवं काही घ्यायची ऐपत नव्हती. सगळं भंगारातलं. पुढचा शाफ्ट औरंगाबादच्या भंगारात सापडला, पण तो घेऊन यायच्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतराचा बंद निघाला, एस.टी. सुटल्याच नाहीत, आणि भाऊजी शाफ्टासकट तिकडंच अडकून पडले. ते येईपर्यंत यांनी नीट जेवण केलं नाही. मला वाटलं भावाची काळजी आहे. असेलही. पण भाऊजी दारात आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं ते शाफ्टाचं.

मग रोज काही ना काही चालायचं. गाडी उंच व्हावी म्हणून एका मोडक्या ट्रकच्या कमानीतले पाटे काढून हिच्या कमानीत घातले. काळ्या मातीचा चिखल मडगार्डात भरून चाकं जाम होतात, म्हणून मिस्त्रींनी गॅसनं मडगार्डं अर्धी कापून टाकली. इंजिनाला हवा घ्यायचा पाइप ओढ्याच्या पाण्याच्या वर राहावा म्हणून विहिरीवरच्या जुन्या पाइपाचा तुकडा काचेच्या कडेनं वर नेला. हे अंगणात पोत्यावर बसून, भिंतीला टेकून, सगळं सांगत. हात ग्रीसनं काळे. रात्री तेच हात मी रॉकेल लावून पुसायची. त्यांच्या तोंडावर तजेला आला होता. ते बघून मला बरं वाटायला पाहिजे होतं, पण मला भीतीच वाटायची. माणसाचा सगळा जीव एका भंगार गाडीत जाऊन बसला, तर ती गाडी बंद पडल्यावर काय?

ब्रेक आणि क्लच पायानं दाबायचे, त्यांना मिस्त्रींनी लोखंडी दांडे जोडले. रेस हातानं ओढायची सोय आधीपासूनच होती. पण क्लचचा दांडा डाव्या हातानं दाबायचा, उजव्या हातानं स्टेअरिंग धरायचं, मग गिअर टाकायचा कुणी? भाऊजींना शेतातली कामं. तेव्हा मी शेजारी बसायला लागले. हे दांडा दाबून म्हणायचे, "टाक," आणि मी गिअर टाकायची. चारी चाकांना जोर देणारी जी दुसरी दांडी होती, तीही माझ्याकडंच. पाय दांड्यांत अडकू नयेत म्हणून माझ्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडून मी त्यांचे पाय सीटला बांधायची. गावातल्या बाया दारात उभ्या राहून बघायच्या. सुरुवातीला लाज वाटली, मग कामच इतकं होतं की लाजायला वेळ उरला नाही.

हिवाळ्यात आम्ही पहिल्यांदा ओढा ओलांडला. गाडी दगडांवरून डुलत गेली, पलीकडची दरड चढली आणि बांधाशी जाऊन उभी राहिली. कापूस फुटलेला होता. वेचणाऱ्या बाया ओटीत कापूस घेऊन तशाच गाडीभोवती जमल्या. यांनी हात पुढं केला.

"एक बोंड दे."

मी तोडून दिलं. त्यांनी ते दाबलं, सरकी चाचपली, जवळ नेऊन बघितलं. खाली उतरता येत नव्हतं. पण तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा आम्ही जवळजवळ रोज गेलो. पाठही तितकी दुखायची नाही, बैलगाडीला नसतात तशा कमानी हिला होत्या म्हणून असेल.

मी म्हणत होते, एवढ्यावर थांबावं. पण पाऊस सुरू झाला तसे ते बेचैन झाले.

"उन्हाळ्यात तर कुणीबी जाईल. पावसाळ्यात जाता यावं म्हणून तर केली गाडी."

"चिखल लय झालाय. भाऊजी येऊ द्या जिंतूरहून."

"तो यायच्या आत आपण परत येतोय. नुसतं बघायचंय."

भाऊजी बी-औषध आणायला गेलेले. दोन-चार दिवसांची झड नुकतीच उघडली होती. मी पाय बांधले. विहिरीच्या रहाटाची जुनी साखळी त्यांनी मागच्या चाकांना गुंडाळायला लावली होती, तीही मीच कशीबशी आवळली.

ओढ्याला पाणी होतं, पण गाडीनं ते कापलं. हवेचा पाइप वर होता, इंजिन एकदाही गुदमरलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, लहान पोरानं बघावं तसं. दरड चढलो. शेताच्या वाटेवर शिरलो आणि गाडी बसली.

तसा काही आवाज झाला नाही. चाकं फिरत राहिली आणि गाडी खाली खाली गेली. टायरच्या खाचा मातीनं भरून टायर गुळगुळीत झाले, साखळी त्याच मातीत पुरली.

"छोटा गिअर टाक. आता मागं. आता पुढं."

मी टाकत राहिले. मग उतरून बांधावर रचलेल्या तुराट्या ओढून आणल्या, चाकांखाली कोंबल्या. चाकांनी त्या तुराट्या गिळल्या. मागून रेटलं तर माझेच पाय गुडघ्यापर्यंत गेले. आधी ते नीट सांगत होते, मग ओरडायला लागले, "तिकडून न्हाई, इकडून रेट!" मग त्यांनी इंजिन बंद केलं. तेवढ्यात पाऊस परत आला.

"तू जा," ते म्हणाले. "माणसं घेऊन ये."

"आन् तुमी?"

"मी कुठं जातोय?"

मी ओढ्यापर्यंत पळत गेले. पाणी वाढलं होतं. कमरेपर्यंत शिरले तर पायाखालचे गोटे सरकायला लागले. ओरडले, पण पलीकडं कुणी नव्हतं. वरच्या अंगाला पूल होता, पण तो कोसभर लांब. जाऊन यायला दुपार सरली असती, आणि ते पावसात एकटे. जावं की राहावं, काहीच कळेना. मी मागं वळून बघितलं, तर गाडीच्या सीटवर ते नव्हते.

धावत आले. त्यांनी पायांची पट्टी सोडून स्वतःला खाली टाकलं होतं. चिखलात पालथे पडून, कोपरांवर सरकत, ते हातानं चाकाभोवतीची माती उकरत होते. तोंड, छाती, सगळं काळं.

"अहो, काय करायलाव हे!"

"थोडीच राह्यलीय. निघतीय."

काही निघत नव्हतं. उकरलेल्या जागी परत माती येत होती. मी त्यांच्या बगलेत हात घालून उचलायला गेले. ओल्या अंगाचं वजन आणि चिखल, ते माझ्या हातांतून निसटत. दोनदा उचलायचा प्रयत्न केला, दोनदा आम्ही दोघंही पडलो. गाडीची सीट आता मला घराच्या माळवदाएवढी उंच वाटायला लागली. आम्हीच ती उंच करून घेतली होती. शेवटी मी त्यांना कसंबसं ओढत चाकाला टेकवून बसवलं, गाडीतलं खताचं पोतं दोघांच्या डोक्यावर धरलं, आणि बसून राहिले. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. ते थरथरत होते. पायांना थंडी कळत नव्हती, म्हणून पाय मी माझ्या मांडीवर घेऊन चोळत राहिले. त्यांना ते जाणवत नव्हतं, तरी.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "गाडीचा काई दोष न्हाई. जमीनच तशी हाय."

मी हो म्हटलं.

दिवस कलताना भाऊजी पुलावरून माणसं आणि बैल घेऊन आले. आम्ही जीप घेऊन गेल्याचं वेशीत कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. भावाला तसं बघून ते वाटेतच थबकले, मग चिखलात गुडघे टेकून म्हणाले, "दादा, चला." चौघांनी उचलून यांना बरोबर आणलेल्या बाजेवर घेतलं. यांनी तोंडावर टॉवेल ओढून घेतला, तो घरी येईपर्यंत काढला नाही. मागून बैल जीप ओढत होते. गाडीवानाच्या हाका ऐकू येत होत्या, त्या त्यांनाही ऐकू येत असणार.

ताप आला, कोपरं चिघळली, मग बरी झाली. पाऊस सरल्यावर भाऊजींनी जीप धुऊन पुसून सुरू केली आणि म्हणाले, "दादा, रान वाळलंय. चलता का?" हे नको म्हणाले. तीन-चारदा विचारलं, तेवढ्याच वेळा नको. मीही म्हणून बघितलं. रागावले नाहीत, नुसतं भिंतीकडं बघितलं. पुढं मानवतच्या एका व्यापाऱ्यानं जीप नेली. दांडे मिस्त्रींनी आधीच कापून काढले होते.

पुढच्या वर्षी पेरणीच्या आधी भाऊजी ओसरीवर येऊन बसले. खालच्या रानात कपाशी लावावी की ज्वारी, असं त्यांनी विचारलं. ही गोष्ट या घरात कधीही माझ्या नवऱ्याला विचारल्याशिवाय झालेली नव्हती.

"तुझ्या मनानं कर," ते म्हणाले.

भाऊजी तिथंच बसून राहिले, हे अजून काही बोलतील म्हणून. मी दारात उभी होते, मीही वाट बघत होते. मग भाऊजी उठले, चपला घातल्या आणि बियाणं बघायला गेले.