सरळ केलेला नकाशा

आमच्या भावकीत एखादी गोष्ट हात न लावता राहू द्यायची पद्धतच नाही. लग्नाची पत्रिका असो नाहीतर बोअरची मोटर, प्रत्येकानं एकदा हात घातलाच पाहिजे, मग ती चालो नाहीतर जळो. काकींच्या नकाशाचंही त्यांनी तेच केलं.

मी कुपवाडला एका छोट्या कारखान्यात जुनी ड्रॉइंगं स्कॅन करून ठेवायचं काम करते. तेलकट, कडा फाटलेली ड्रॉइंगं. तिथं पहिल्यांदा शिकवतात ते एवढंच, की कागद काचेवर आधी सरळ ठेवा. तरी तिरका आलाच तर मूळ स्कॅन तसाच जपा, त्याची नक्कल काढा आणि ती एकदाच फिरवा. फिरवलेलं परत परत फिरवून साठवत बसलं की दर वेळी रेघा थोड्या विरतात. लुगडं रोज आपटून धुतलं की काठ विरतात ना, तसंच. यात काही मोठी विद्या नाही. पण सांगणारी बाई, त्यातून घरची सून, म्हटल्यावर ऐकतंय कोण!

सासर कडेगावजवळचं. माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या भावाची बायको, म्हणजे आमच्या काकी, रानातल्या वस्तीवर एकट्या राहतात. गावातून तिकडं जायला उसातून एक गाडीवाट होती. शेजारच्यानं ती नांगरली, तिच्यात ऊस लावला आणि वर म्हणाला, "हितं वाट कवाच नव्हती." प्रकरण तहसीलला गेलं. कचेरीतला नकाशा नेमका त्याच जागी फाटलेला. साक्षीदार म्हणाल तर दोन्हीकडचे भावकीतलेच, त्यांच्यावर विश्वास कोण ठेवणार? उरली काकींच्या ट्रंकेतली नकाशाची जुनी शिक्क्याची नक्कल. तिच्यावर ती वाट फिक्या तपकिरी ठिपक्यांनी दाखवलेली होती. काकींना वाट मिळणार की नाही, हे सगळं त्या ठिपक्यांवर होतं.

मी फोनवर बजावलं, "भावजी, कागदाला हात लावू नका. मी सुट्टीला येते, कारखान्यात नेऊन स्कॅन करते."

भावजी म्हणजे माझा धाकटा दीर, फौजेतून रिटायर झालेला. तो म्हणाला, "वैनी, तुमी टेन्शन घिऊ नका. आमी नकाशावर चालणारी माणसं. सब ओके करतो."

केलं ना ओके! कागद बाजेवर टाकला आणि उभ्या उभ्या मोबाईलनं फोटो मारला. तो आला तिरका. मग अॅपमध्ये कोपरे ओढून सरळ केला, आणि डाग जावेत म्हणून काळापांढरा केला. अॅप बिचारं सांगितलं तेवढं करतं. त्यानं कागदाच्या पिवळेपणाबरोबर ते फिके ठिपकेही पुसत आणले. मग ते चित्र भावकीच्या ग्रुपवर पडलं आणि सगळे उंटावरचे शहाणे जागे झाले. एकाला डावी बाजू उतरलेली दिसली, त्यानं फिरवून टाकलं. दुसऱ्याला उजवी उचललेली वाटली, त्यानं उलटं फिरवलं. पुण्याच्या जावयानं कडा कापल्या आणि वर उजळही केला. ग्रुपवरून उतरवायचं, फिरवायचं, परत चढवायचं, आणि दर फेरीला खाली अंगठे नि "लय भारी". भारी कसलं, डोंबल!

मी सुट्टीला गेले तर भावजीनं मोठ्या अभिमानानं मूळ कागद पुढं केला. बाजारात नेऊन लॅमिनेशन करून आणला होता! आमच्याकडं जपायच्या कागदाला हीच शिक्षा. शाळेचा दाखला असो की रेशनकार्ड, प्लास्टिकमध्ये भाजून काढल्याशिवाय यांचा जीव थंड होत नाही. जुना जीर्ण कागद मशीनमध्ये वेडावाकडा ओढला गेला होता, आणि वाटेच्याच जागी दुमडून कायमचा चिकटला होता. प्लास्टिक सोलायला गेले तर कागदच सुटून यायला लागला.

मी विचारलं, "तुम्ही काढलेला पहिला फोटो कुठाय? तो तिरका?"

"त्यो? डिलीट मारला की. वाकडा हुता न्हवं." मोबाईलमध्ये जागा व्हावी म्हणून डिलीटचा डबाही त्यानं रिकामा केला होता.

हसावं की त्याच्या टाळक्यात ते प्लास्टिक हाणावं, मला कळेना. अहो, त्या वाकड्या फोटोत वाट होती! तसं म्हटलं तर मलाच ऐकवतो, "वैनी, सायबाफुडं वाकडा कागद धरायचा व्हय? इज्जत हाय का न्हाई?" अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथं बैल काकींचा रिकामा राहणार होता.

तारखेला तहसीलदार साहेबांनी ग्रुपवर सरळ झालेला तो नकाशा स्क्रीनवर मोठा केला. कडा काटकोनात, कागद दुधासारखा पांढरा. साहेब म्हणाले, "स्कॅन छान आहे. आता यात वाट दाखवा." भावजीनं बोट ठेवलं. बोटाखाली काहीच नव्हतं. लॅमिनेशन केलेला कागद उजेडाकडं धरून बघितला, तर तिथं दुमडीची काळी रेघ. मागं शेजारी मिशीत हसत होता. अर्ज फेटाळला.

बाहेर आल्यावर तरी माणसानं खाली मान घालावी की नाही? छे! भावजी काकींना म्हणतो, "अपील करू, काकी. ह्या टायमाला सांगलीला नेऊन कम्प्युटरवर सरळ करून आणतो. केसाएवढा तिरका ऱ्हाणार न्हाई, बघा."

माझ्या तोंडात शिवी आली होती. पण काकीच बोलल्या. वाट बंद, म्हणून सकाळी वस्तीवरून चपला हातात घेऊन ओढ्यातून आल्या होत्या, गुडघ्यापर्यंत लुगडं चिखलानं कडक झालं होतं.

"लेका, सरळ कुणाला पायजे हुता रं? मला घरला जायचं हाय."