प्राणवायूची चौथी नळी

त्याचं बोट फोटोला कधी लागत नसे. विमानातून काढलेले जंगलाचे फोटो माझ्या टेबलावर पसरले, की तो नखभर अंतर ठेवून बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "हा आमचा तलाव नोहे, बाई. आमची पाळ अशी वाकडी हाये."

चांद्याच्या धावपट्टीशेजारी, तंबूत, आमचं सर्वेक्षणाचं ऑफिस होतं. मी तिथे टायपिस्ट. नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून नुकतीच निघालेली, विचारल्याशिवाय न बोलणारी. तो नागभीडकडचा, तलावात मासे धरणारा. वरून तलाव आणि गावं ओळखून सांगायला त्याला रोजंदारीवर घेतलं होतं. नकाशात नसलेली नावं त्याला पाठ होती.

पहिलं उड्डाण कमी उंचीवरचं होतं. उतरल्यावर मी न राहवून विचारलं, "भीती नाही वाटली?"

"भेव कायचं? खाली बगळे उडून राह्यले होते. बगळ्याची पाठ मी आजवर पाह्यली नव्हती, बाई."

त्याच्या लेकीची सोयरीक जमत होती. बाप विमानात काम करतो, हे ऐकून पाहुणे सरसावून बसले, असं तो सांगायचा, आणि स्वतःही सरसावून बसायचा.

मग उंचावरची उड्डाणं ठरली. त्यांचे इंग्रजी नियम मीच टाईप केले. दहा हजार फुटांच्या वर फार वेळ राहायचं, तर क्रूमधल्या प्रत्येकाला प्राणवायूची नळी हवी. ती नसेल तर माणूस आधी उगाच खुशीत येतो, बडबडतो, मग चुकू लागतो. आणि आपल्याला काही झालंय हे त्यालाच कळत नाही. खाली क्रूची यादी होती: वैमानिक, फोटोग्राफर, सर्वेक्षक साहेब. तीन नावं, तीन नळ्या.

"सर, चौथी नळी?" मी साहेबांना विचारलं.

"तो क्रूमध्ये आहे का?"

"नाही, सर."

एवढंच बोलणं झालं. त्याला सांगितलं तर तो हसला. "मले कायले नळी? मी तलावाच्या बुडाशी जाऊन येतो. साहेबाले म्हणा, या माझ्यासंगं."

उंचावरच्या पहिल्या उड्डाणाहून विमान दुपारी उतरलं. साहेब लाल झालेले. वर गेल्यावर हा हसत सुटला होता. एका तलावाला दुसऱ्याचं नाव, नदीला बायकोच्या माहेरचं नाव. सगळी नोंद वाया गेली. तो शिडीवरून उतरला तेव्हा त्याचे पाय लटपटत होते.

"मोहाची घेऊन चढला," साहेब म्हणाले.

"या भागात सगळेच घेतात," वैमानिक म्हणाला.

"नाई साहेब. माझा बाप दारूत गेला. मी थेंबाले शिवत नाई."

"मग हसत काय होतास?"

तो बराच वेळ आठवत राहिला. "मले नाई मालूम, साहेब. लय बरं वाटून राह्यलं होतं."

खरं बोलला, आणि तिथेच संपला.

नियमांचा कागद माझ्या खणात होता. खण ओढून तो साहेबांपुढे ठेवायचा, एवढंच. मी कार्बन पेपर सरळ करत राहिले. ऑफिसात बसलेल्या तुम्हाला ठाऊक असेल, कार्बन पेपर सरळ करायला किती वेळ लागू शकतो.

कामावर दारू पिऊन आल्यामुळे काढून टाकलं, असं पत्र साहेबांनी इंग्रजीत सांगितलं. मी टाईप केलं. एकही चूक झाली नाही.

पत्र हातात घेऊन तो माझ्या टेबलाशी आला. "बाई, याच्यात दारूचं तं नाई लिहिलं? पाहुणे पुसतील ना, काम काऊन सुटलं म्हणून."

मी पत्र घेतलं आणि त्याला मराठीत वाचून दाखवलं. "काम संपलं म्हणून मोकळा केला. वागणूक चांगली."

त्याचा चेहरा निवळला. त्याने कागदाची नीट घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

"बरं झालं, तुम्ही होत्या. व्याह्याच्या गावचा मास्तर इंग्रजी वाचते. त्याच्याच हाती देतो, तो चारचौघात वाचून दाखवन."

तो धावपट्टीच्या कडेने स्टेशनच्या वाटेला लागला. अजून पाय पुरते सावरले नव्हते, म्हणून हळू चालत होता. हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती, इतका जवळ तो बराच वेळ होता.