कुंपाराची खोली

इसिडोरच्या घराला वर एक खोली होती, आणि त्या खोलीमुळे इसिडोर स्वतःला लॉर्ड समजायचा. अंधेरीला आमच्या कारखान्यामागे ख्रिस्ती लोकांचं जुनं गावठाण आहे. तिथल्या एका पाखाडीत, म्हणजे दहाबारा घरांच्या आळीत, त्याचं कौलारू घर. खाली तो, बायको ल्युसी आणि पाच मुली राहायच्या. वर, बाहेरच्या लाकडी जिन्याने जायची ती खोली. एक खिडकी, येशूची तसबीर आणि कोपऱ्यात फुटलेलं कौल, एवढा तिचा थाट. पण इसिडोर तिच्याबद्दल बोलायला लागला की ऐकणाऱ्याला वाटावं, मलबार हिलवरचा बंगला आहे.

गोष्ट पंचावन्न सालची. मी कारखान्यात स्टोअर क्लार्क, पगार एकशे चाळीस. घाटकोपरला कुडाळकडचे आम्ही सातजण एका खोलीत पडायचो. बायको नलिनी दोन वर्षांच्या मुलीला घेऊन गावी होती, आणि त्या मुलीने मला आयुष्यात दोनदा पाहिलेलं. दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा ती भोकाड पसरून रडली. तीस रुपयांत कुठे खोली मिळाली की दोघींना आणायचं, याशिवाय माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. इसिडोरकडे मी चार खेपा घातल्या. तो भाव कधी सांगायचाच नाही. आधी समोरच्याच्या पायांकडे बघायचा. माझ्या पायांत चपला.

"खोली नाय रे," तो म्हणायचा. वर दार सताड उघडं, आत चिटपाखरू नाही.

"वर तर कोणी दिसत नाही, इसिडोरभाऊ."

"पाहुणे येणार हायेत." हे पाहुणे तीन वर्षं येत होते.

त्याच सुमारास कारखान्यात नवी यंत्रं आली आणि ती बसवायला रुडॉल्फ नावाचा एक ऑस्ट्रियन आला. त्याला साहेब म्हणायचं ते केवळ कातडीमुळे. आपल्याकडे जन्मला असता तर सगळ्यांनी मिस्त्रीच म्हटलं असतं. पगार त्याला इथल्या रुपयांत, आणि जुहूच्या हॉटेलात त्यातला निम्मा जायचा. दलाल त्याला वांद्र्याचे फ्लॅट दाखवायचे आणि असे आकडे सांगायचे की तो लाल व्हायचा. एक दिवस स्टोअरमध्ये येऊन त्याने माझ्या टेबलावर मूठ आपटली.

"इथला माणूस देतो तेच भाडं मी देणार," तो म्हणाला. "एक पैसा जास्त नाही. मला असं घर दाखव."

मी मनात म्हटलं, बाबा, इथला माणूस काय देतो ते मलाही एकदा बघायचंय. पण तोंडाने 'येस सर' म्हणालो आणि रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपल्यावर त्याला इसिडोरकडे नेलं. माझ्या सांगण्यावरून तो चपला घालून आला होता. काही उपयोग झाला नाही. चपलांतही गोरेच पाय होते.

इसिडोरला इतकी वर्षं जो पाहुणा हवा होता तो हा. त्याचं इंग्रजी 'गुड मॉर्निंग'ला सुरू होऊन तिथेच संपायचं, म्हणून त्याने मला बाजूला घेतलं.

"सहदेव, दीडशे सांग."

"दीडशे? तुमच्या शेजारच्या ॲम्ब्रोजची खोली पंचवीसला गेली!"

"त्याच्यात मद्रासी राहतो. हा साहेब हाय. तू बोलणी कर ना. साहेब गेला की खोली तुझी, तीसला. मरियामातेची शपथ."

मी भाबडा नव्हतो, पण गरजू होतो. त्याची शपथ मी पक्की गाठीला बांधली आणि दुभाष्या झालो. साहेब इथल्या भावावर, म्हणजे तीसवर, अडला, इसिडोर दीडशेवर. तीन रविवार गेले. मी एकाचा हट्ट दुसऱ्याला समजावत उन्हात उभा, आणि ल्युसीबाई प्रत्येकाला कोकम सरबत देत होत्या. त्यांचे दिवस भरत आले होते. चौथ्या आठवड्यात त्या बाळंत झाल्या. पाच मुलींवर मुलगा. इसिडोर आनंदाने वेडा झाला आणि त्या वेडाच्या भरात त्याला एक हुशारी सुचली.

"साहेबाला पोराचा धर्मबाप करू," तो मला म्हणाला. "मग तो घासाघीस कशी करील? लाज वाटेल त्याला. आणि पोराला सोन्याची साखळी मिळेल ती वेगळीच."

आता हे सांगायला हवं, की बाप्तिस्म्याला मुलाची जबाबदारी घेणारा धर्मबाप म्हणजे आईबापांचा कुंपार. या लोकांत सख्ख्या भावापेक्षा कुंपाराचा मान मोठा. त्याला दारातून रिकामा पाठवायचा नाही, त्याच्याशी भांडायचं नाही, त्याच्याकडून पैसा घ्यायचा नाही. हे मला कोणी शिकवलं? इसिडोरनेच. ॲम्ब्रोजने आपल्या कुंपाराकडून गाडीभर पेंढ्याचे पैसे घेतले, तेव्हा चर्चच्या पायऱ्यांवर उभं राहून याच इसिडोरने त्याची सगळ्यांदेखत सालटी काढली होती. पण दीडशे रुपये डोळ्यांसमोर नाचायला लागले की माणसाला स्वतःचंच भाषण आठवत नाही.

साहेब कॅथलिक होता, भाविक होता, आणि परदेशात एकटा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाप्तिस्म्यात मुलाचं नाव अर्थातच रुडॉल्फ ठेवलं. बँड लावला, फुगे म्हणजे मैद्याचे गोडसर गोळे तळले, डुकराच्या मटणाचं आंबट-तिखट सोरपोतेल झालं. राज्यात दारूबंदी असल्यामुळे दारू फक्त घराच्या मागच्या बाजूला होती. पाखाडीतले सगळे पुरुष अर्थातच मागच्या बाजूला होते. साहेबाने मुलाला चांदीचा चमचा दिला. इसिडोरने तो दोनतीनदा उलटापालटा करून पाहिला, साखळी कुठे लपली आहे की काय म्हणून.

दुसऱ्या दिवशी साहेब, भाडं ठरलेलं नसतानाच, सामान घेऊन वरच्या खोलीत आला. महिना भरला तेव्हा त्याने तीस रुपये पुढे केले. मी मधे उभा होतो. इसिडोर 'दीडशे' म्हणायला तोंड उघडतो तोच ल्युसीबाई मुलाला काखेत मारून स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"कुंपाराकडून भाडं?" त्या किंचाळल्या. "इसिडोर, पोराच्या डोक्यावर पाप घालतोस? ठेव ते पैसे त्याच्या हातात!"

इसिडोरने पैसे ठेवले. त्या वेळचा त्याचा चेहरा मी अजून आठवून आठवून हसतो. साहेबाने मला विचारलं, ही इथली पद्धत आहे का? मी हो म्हणालो. इथल्या माणसाच्या भावात राहायचं होतं त्याला. तो चौदा महिने फुकट राहिला, वर रविवारचं जेवण.

इसिडोर मला कोपऱ्यात गाठायचा. "माझं नाव न घेता सांग ना त्याला. काहीतरी देईल." मी कशाला सांगू? कुंपार एकदा ऑस्ट्रियाला गेला की खोली माझी होती. मी नलिनीला तसं लिहूनही टाकलं होतं.

पण फुकट्याचा घरमालक म्हणून पाखाडीत मिरवता येईना. ॲम्ब्रोज तर येताजाता विचारायचा, "काय, कुंपार काय देतो?" शेवटी इसिडोरने युक्ती काढली. भाडं मी कसं घेईन, तो सांगू लागला, पण साहेब दर महिन्याला पाळण्यात दीडशे रुपये ठेवतो, पोरासाठी, खुशीने.

लोकांनी विश्वास ठेवला. गोऱ्या माणसाबद्दल सांगितलेल्या पैशाच्या कुठल्याही गोष्टीवर आपले लोक विश्वास ठेवतात. ॲम्ब्रोजने आपल्या मद्रासी भाडेकरूला काढलं आणि खोली अशाच एखाद्या साहेबासाठी राखून ठेवली. पलीकडच्या मार्सेलिनाबाईंनी खिडकीला जाळीचा पडदा लावला. वर्षभरात पाखाडीत वरच्या खोलीचा भाव दीडशे झाला, आणि देणारा एकही नव्हता. खोल्या रिकाम्या, मालक ताठ.

साहेब गेला. दुसऱ्याच दिवशी मी तीस रुपये घेऊन हजर. इसिडोर पायरीवर बसला होता.

"देतो," तो म्हणाला. "शपथ घेतलीय. पण तीसला दिली तर माझी वाट लागली. पाखाडी म्हणेल, पाळण्यातले पैसे खोटेच होते. तू तीस दे आणि बाहेर दीडशे सांग."

"माझा पगार एकशे चाळीस आहे, भाऊ!"

"साहेबाने जाताना वाढवला म्हणतो मी. तू फक्त नाय म्हणू नकोस."

मी नाही म्हणालो नाही. नलिनी आली. मुलगी पहिले दोन दिवस खाटेखाली लपून बसली, तिसऱ्या दिवशी माझ्या ताटात जेवली. तो दिवस मी विसरणार नाही. तिच्यासाठी मी याहून मोठं खोटं बोललो असतो, असं तेव्हा वाटलं.

महिन्याभराने घाटकोपरचा गुणाजी आला. आम्ही दोघं तीन वर्षं शेजारी शेजारी झोपलो होतो. त्याचीही बायको गावी होती, पोटुशी. नलिनीने चहा ठेवला. गुणाजी खोलीभर बघत राहिला, मुलीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "सहदेवा, बाजूच्यो दोन खोल्यो रिकाम्यो दिसतत रे. माका खरा सांग, तू काय देतंस?"

खाली इसिडोर मुलाला खांद्यावर घेऊन अंगणात फेऱ्या मारत होता, खिडकीच्या बरोबर खाली. मी एकदा खिडकीकडे पाहिलं. खरं सांगितलं असतं तर गुणाजी उद्या ॲम्ब्रोजच्या दारात जाऊन तीस म्हणाला असता, आणि संध्याकाळपर्यंत माझं सामान जिन्यावर आलं असतं.

"दीडशे," मी म्हणालो.

गुणाजीने अर्धा चहा बशीत ओतला होता, तो तसाच ठेवून तो उठला. नलिनीने माझ्याकडे पाहिलं, आणि मुलीला घेऊन ती त्याला सोडायला एकटीच खाली गेली.